आकड्यांचे निशाण आणि अक्षरांचे निशाण : अमेरिकेतील कृष्णवर्णीय पलटणींच्या ध्वजसंग्रहाविषयी

अमेरिकी काँग्रेसने २८ जुलै १८६६ च्या कायद्याने कायम सैन्यात कृष्णवर्णीयांच्या पलटणी उभारण्यास मान्यता दिली. त्यांतील नववी आणि दहावी या घोडदळाच्या रेजिमेंट पुढे ‘बफेलो सोल्जर्स’ म्हणून ख्यात झाल्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ ज्या दास्यमुक्तीचे स्मरण करून अमेरिकेच्या जनतेला अर्पण केली, त्या मुक्तीतून आलेले हे शिपाई त्याच सुमारास टेक्सास व इंडियन टेरिटरीत मूळनिवासी राष्ट्रांविरुद्ध वापरले जात होते. ही विसंगती त्यांच्या निशाणांकडे पाहताना विसरता येत नाही.

घोडदळाच्या तुकडीचे निशाण, म्हणजे ‘गाइडन’, घोड्यावरून नेण्याजोगे लहान असे. १८६१ च्या नियमानुसार लांबी ३ फूट ५ इंच, काठीलगतची रुंदी २ फूट ३ इंच आणि टोक भगव्या झेंड्याप्रमाणे दुभंगलेले. यादवी युद्धाच्या काळात त्यावर तारे व पट्टे आले. १८८५ मध्ये पुन्हा वर तांबडा व खाली पांढरा पट्टा आला. तांबड्यावर रेजिमेंटचा क्रमांक, पांढऱ्यावर तुकडीचे अक्षर. वर्णाचा उल्लेख कोठेही नाही. नववा किंवा दहावा हा आकडा ज्याला वाचता येतो त्यालाच त्या कापडामागचा माणूस दिसतो. साहजिकच संग्राहकाला कापडापेक्षा त्याची मालकी-परंपरा अधिक मोलाची वाटते. तिच्यावाचून मूळ निशाण आणि हुबेहूब नक्कल यांत निवाडा करणे कठीण. १ जुलै १८९८ रोजी सान हुआनच्या चढणीवर दहाव्या रेजिमेंटचा ध्वजधारी सार्जंट जॉर्ज बेरी याने स्वतःच्या ध्वजासोबत तिसऱ्या, गोऱ्या रेजिमेंटचाही ध्वज उचलून वर नेला. हा प्रसंगही कापडावर लिहिलेला नाही, तो स्मृतीत व कागदपत्रांत आहे.

याउलट, यादवी युद्धातील कृष्णवर्णीय पायदळाचे काही ध्वज स्वतःच बोलत. फिलाडेल्फियाचा कृष्णवर्णीय चित्रकार डेव्हिड बस्टिल बाउझर (१८२०–१९००) याने अकरा पलटणींसाठी ध्वज रंगवले. बाविसाव्या पलटणीच्या ध्वजावर कृष्णवर्णीय शिपाई पडलेल्या शत्रूवर संगीन रोखतो. १२७ व्या पलटणीच्या ध्वजावर शिपाई स्वातंत्र्यदेवता कोलंबियाचा निरोप घेतो आणि वर लिहिलेले असते की, आम्ही स्वतःला माणूस म्हणून सिद्ध करू. सरकारी रेशमावर प्रजेनेच आपले विधान लिहावे, ही गोष्ट त्या सैन्यात सर्वसामान्य नव्हती.

हे बोलके ध्वजच टिकले नाहीत. त्यांतील बरेचसे वेस्ट पॉइंट येथील लष्करी संग्रहालयात गेले आणि १९४० च्या दशकात टाकून देण्यात आले. त्याच वेस्ट पॉइंटवर १९०७ पासून कृष्णवर्णीय घोडेस्वार भावी अधिकाऱ्यांना अश्वारोहण शिकवत होते. ती तुकडी १९४७ पर्यंत तेथे होती. बाउझरच्या काही ध्वजांची ओळख आज केवळ खिशात मावतील अशा छायाचित्रांवरून होते.

शिल्लक असल्याचे ज्ञात असलेला एकमेव ध्वज १२७ व्या पलटणीचा. फिलाडेल्फियातील माजी सैनिकांच्या संघटनेच्या संग्रहालयाने तो जपला. जून २०१९ मध्ये लिलावात अटलांटा हिस्टरी सेंटरने तो १,९६,८०० डॉलरला घेतला. १८६४ मध्ये ज्या शहरासाठी युनियन आणि कॉन्फेडरेट सैन्ये झुंजली, त्याच शहरात तो गेला.