स्नूकर, पूल आणि नवशिके

मंडळी, स्नूकर आपल्याच देशात जन्माला आलं, हे कित्येकांना ठाऊक नसतं. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने हा खेळ जुळवला. (पुढे पंतप्रधान झाले ते चेंबरलेन वेगळे!) लष्करी बोलीत 'स्नूकर' म्हणजे नवशिका कॅडेट. पूल वाढला तो अमेरिकेत.

दोन्हींत क्यूने चेंडू खिशात घालायचे, मग अवघड कुठला? स्नूकरचं टेबल १२ फुटी, चेंडू ५२.५ मिलिमीटरचे आणि खिशांची तोंडं अरुंद, गोलसर. नेम केसभर चुकला की चेंडू बाहेर. पूलचं स्पर्धेचं टेबल ९ फुटी, चेंडू ५७ मिलिमीटरचे, खिसे ऐसपैस. पण तिथे सुरुवातीचा जोरदार फटका साधावा लागतो, कडेवर आपटून चेंडू घालता यावा लागतो, प्रसंगी पांढरा चेंडू दुसऱ्यावरून उडवावा लागतो. स्नूकरमध्ये अशी उडी म्हणजे फाउल.

इंग्लंडची ॲलिसन फिशर सात वेळा महिला स्नूकरची जगज्जेती झाली. १९९५ साली, सत्ताविसाव्या वर्षी, ती अमेरिकेत पूल खेळायला गेली. नेम सोबत होताच, बाकीचं नव्याने शिकली आणि नाइन-बॉलमध्येही चारदा जगज्जेती झाली.

माझ्या मते अवघड खेळ कुठला, हा प्रश्नच गौण. वर्गात मी हेच पाहिलं: पाया पक्का असला की नवा विषय लवकर येतो, पण पहिल्या नंबराच्या मुलाला पुन्हा नवशिका व्हायला फार जड जातं. फिशरबाईंना ते जमलं.