छत हरपलेल्या चर्चवास्तूंचा अंतर्भाग आणि फिशआय भिंग : रेवस–रेवदंडा किनाऱ्याच्या संदर्भात

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच रेवस बंदराला लागते. तेथून अलिबागमार्गे दक्षिणेकडे गेले असता रेवदंड्याच्या तटबंदीतून रस्ता थेट जुन्या पोर्तुगीज चौलमध्ये शिरतो. तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि त्या वाड्यांमध्ये चर्चच्या उंच भिंती उभ्या आहेत. खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला व त्याच्या पायथ्याचे ख्रिस्ती गाव दिसते. रायगड जिल्ह्याच्या या किनारपट्टीवरील चर्चवास्तूंच्या अंतर्भागाची छायाचित्रे हे इतिहासाचे साधन म्हणून कितपत विश्वसनीय ठरते, आणि फिशआय भिंगाने त्या साधनात कोणती भर पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पोर्तुगीजांचा चौलशी संबंध १५०५ पासून आला. १५१६ मध्ये त्यांना येथे वखार मिळाली आणि १५२१ ते १५२४ या काळात किल्ला उभा राहिला. १५७०–७१ च्या निजामशाही वेढ्यातून शहर बचावले. १५९४ मध्ये कोर्लईचा डोंगरही पोर्तुगीजांच्या ताब्यात आला. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट आणि ऑगस्टिनियन या चारही संघांच्या वास्तू या एवढ्याशा नगरात होत्या. १७४० मध्ये चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज वस्ती उठली आणि देखभालीअभावी छते कोसळली. फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा स्थानिक लोक आजही ‘सातखणी’ म्हणून ओळखतात. मात्र त्याचे सातही खण आता उभे नाहीत.

या वास्तूंची पहिली महत्त्वाची सचित्र नोंद डॉ. जर्सन दा कुन्हा यांची होय. चौल आणि वसईच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ १८७६ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. त्यात १७ छायाचित्रे, शिळाछापाची ९ चित्रे व एक नकाशा आहे. व्यवसायाने वैद्य असलेल्या या गोमंतकीय संशोधकाने छायाचित्राला पुराव्याचे स्थान दिले, ही गोष्ट त्या काळाचा विचार करता लहान नव्हे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे त्या पिढीतील नामांकित छायाचित्रकार होते. तथापि त्या काळच्या तंत्राची एक मर्यादा होती. वास्तूचा दर्शनी भाग दुरून टिपता येई. अंतर्भागात मात्र मागे सरकण्यास जागा नसे आणि भिंग एका वेळी एकच भिंत पाही. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये या अवशेषांची तपशीलवार वर्णने आहेत, परंतु ती शब्दांत आहेत.

अंतर्भागाची नोंद नसल्यास काय हरवते, हे जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिन चर्चवरून स्पष्ट होते. त्याचे कमानी छत १८४२ मध्ये कोसळले. छायाचित्रणाची कला जगापुढे येऊन त्या वेळी अवघी तीन वर्षे झाली होती. त्यामुळे छतासह अंतर्भागाचे छायाचित्र मिळणे शक्यच नाही. दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा हिस्सा १९३१ मध्ये पडला. याच वास्तूत जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष असल्याचा उल्लेख पोर्तुगीज कागदपत्रांत होता. ते कोणत्या दालनात, कोणत्या खिडकीपाशी ठेवले होते हे कागदपत्रांत लिहिलेले असल्यामुळे उत्खननातील शोधाला दिशा मिळाली. डीएनए चाचणीने ओळख पटल्यावर २०२१ मध्ये त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला देण्यात आला. अंतर्भागातील एका खिडकीचे स्थान चारशे वर्षांनंतर निर्णायक ठरले. रेवदंड्यातील किती खिडक्यांची स्थाने आज कोठे नोंदलेली आहेत, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौशी अभ्यासकाचा राहत नाही.

फिशआय भिंगाची कल्पना रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये मांडली. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे सारे जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूत एकवटलेले दिसते. हे दृश्य कॅमेऱ्यात कसे उतरेल, हे वुडने पाणी भरलेल्या पात्राच्या साहाय्याने दाखवले. पुढे १९२४ मध्ये रॉबिन हिल यांनी ढगांच्या अभ्यासासाठी संपूर्ण आकाश टिपणारे भिंग तयार केले. (प्रकाशसंश्लेषणातील ‘हिल अभिक्रिया’ ज्यांच्या नावाने शिकवली जाते तेच हे हिल.) जपानच्या निकॉन कंपनीने १९६२ मध्ये ८ मिमी नाभीय अंतराचे फिशआय भिंग बाजारात आणले आणि हे साधन सर्वसाधारण छायाचित्रकारांच्या हाती आले. आकाश पाहण्यासाठी घडलेले हे भिंग जेथे आकाशच छत झाले आहे अशा वास्तूंना विशेष लागू पडावे, हा एक योगायोगच म्हणावा लागेल.

या भिंगाविषयीचा मुख्य आक्षेप असा की ते वास्तू वाकडी दाखवते. हा आक्षेप अर्धसत्य आहे. नेहमीचे रुंदकोनी भिंग सरळ रेषा सरळ ठेवते, पण त्याची किंमत कडेला मोजते. मध्यापासून ६० अंशांवरची वस्तू केंद्रापासून बाहेरच्या दिशेने चौपट आणि आडव्या दिशेने दुप्पट ताणली जाते. ९० अंशांवर तर अशी प्रतिमाच संभवत नाही. समांतर प्रमाणाच्या फिशआय भिंगात केंद्रापासूनचे अंतर कोनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे आडव्या कारनिसा वाकतात हे खरे; परंतु कॅमेरा समपातळीत ठेवून भिंग नेमके खमध्याकडे रोखल्यास वास्तूतील प्रत्येक उभी रेषा चित्रात केंद्राकडे जाणारी सरळ रेषा होते. एखाद्या अर्धस्तंभाची कड केंद्राकडे जात नसेल, तर तो स्तंभ लंबरेषेतून ढळला आहे, किंवा मुळातच निमुळता बांधला आहे. पडझडीला आलेल्या भिंतीबाबत ही माहिती मोलाची ठरते.

उंचीचेही तसेच. क्षितिज हा चित्रवर्तुळाचा परीघ मानला की त्रिज्येवरून कोणत्याही बिंदूचा उन्नत कोन वाचता येतो. कमानीचा उगम ६० अंशांवर असेल आणि भिंत कॅमेऱ्यापासून ६ मीटरवर असेल, तर तो उगम भिंगापासून सुमारे १०.४ मीटर उंचीवर आहे. त्यासाठी जमिनीवर एक मोजपट्टी पुरते. परात बांधावी लागत नाही. अर्थात या पद्धतीला मर्यादा आहे. २४ मेगापिक्सेलच्या पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यात २३ मिमी व्यासाचे वर्तुळ धरले, तर १० मीटर अंतरावर एक चित्रबिंदू सुमारे ८ मिमी एवढा भाग व्यापतो. गिलाव्यातील केसासारखी भेग त्यात दिसणार नाही. तिच्यासाठी साधे भिंग जवळ नेणेच योग्य.

चर्चच्या रचनेचा अर्थही या चित्रात अधिक नीट उतरतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर (१५४५–६३) वेदीचे दर्शन व प्रवचनाचे श्रवण यांना महत्त्व आले. पोर्तुगीज भारतातील अनेक चर्चमध्ये स्तंभांच्या रांगा टाळून एकच मोकळे दालन ठेवण्यात आले ते याच्याशी सुसंगत आहे. वेदीकडे तोंड करून घेतलेल्या नेहमीच्या छायाचित्रात असे दालन बोगद्यासारखे भासते. बाजूच्या भिंतीवरील प्रवचनपीठ, खिडक्या आणि श्रोत्यांची जागा यांचा परस्परसंबंध तुटतो. दालनाच्या मध्यावरून घेतलेल्या फिशआय चित्रात तो संबंध अखंड राहतो.

प्रत्यक्ष कामात आकाश हीच मोठी अडचण ठरते. छत नसल्याने सूर्य चित्रात येतो, आकाश पांढरे पडते आणि जांभ्या-काळवत्री दगडाच्या भिंती काळवंडतात. एकसारखे ढगाळ आकाश किंवा सूर्योदयापूर्वीचा उजेड त्यासाठी बरा. पावसाळ्यानंतर मात्र भिंतींवरचे गवत व वड-पिंपळाची रोपे अर्धी वास्तू झाकतात. ही झाडोऱ्याची अडचणही उपयोगी पडू शकते. वनस्पतिशास्त्रज्ञ वृक्षांच्या छायेचे प्रमाण मोजण्यासाठी १९५० च्या दशकापासून अशी चित्रे वापरीत आले आहेत. एकाच जागेवरून दरवर्षी एकाच महिन्यात घेतलेले चित्र मुळे कोणत्या भिंतीत किती पसरली हे सांगू शकेल. भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि इतिहास या विभागांनी एकत्र करावे असे हे काम आहे.

प्रत्येक चित्रासोबत कॅमेऱ्याचे स्थान, जमिनीपासूनची उंची, उत्तर दिशा, दिनांक, वेळ व भिंगाचे प्रक्षेपण नोंदलेले असावे. ही नोंद नसेल तर वर्तुळाकार चित्र ही केवळ नवलाई राहते, आणि भिंत पडल्यानंतर त्यातून माप काढता येत नाही.

कोर्लई गावातील चर्चची गोष्ट वेगळी आहे. तेथे छत आहे, वेदी आहे, मिस्सा होते. गावात पोर्तुगीज व मराठी यांच्या संसर्गातून घडलेली क्रिस्ती बोली अद्याप बोलली जाते. या बोलीचा भाषावैज्ञानिक अभ्यास क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ च्या ग्रंथात केला. बोलीची नोंद झाली, परंतु ती ज्या समाजाची आहे त्याच्या प्रार्थनास्थळाचा अंतर्भाग त्याच काटेकोरपणे नोंदवणे हे काम निराळेच आहे. १८० अंशांचे भिंग कोणालाही चौकटीबाहेर ठेवत नाही. मागच्या बाकावर गुडघे टेकून बसलेली वृद्धा, दाराशी उभे असलेले मूल, सारेच त्यात येतात. रेवदंड्याच्या ओसाड दालनात ज्याचा विचार करावा लागत नाही, ती परवानगी येथे धर्मगुरूंकडून आणि गावकऱ्यांकडून आधी घ्यावी लागते, आणि मिस्सा आटोपून चर्च रिकामे होईपर्यंत तिपाई बाहेर ठेवावी लागते.