कोयनेलचे झाड

मंडळी, घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला 'कोयनेल' म्हणजे काय, असे विचारून पाहा. आधी तोंड वाकडे होईल, मग उत्तर मिळेल. हिवतापावर पूर्वी हेच कडूजहर औषध देत. पुस्तकी भाषेत त्याला क्विनीन म्हणतात. बंगालमध्ये तर १८९२ पासून ते टपालकचेरीत पैशाला एक पुडी असे विकत. (आता डॉक्टर बहुधा दुसऱ्या गोळ्या देतात. थंडी वाजून ताप आला, तर आधी रक्त तपासून घ्यावे हे बरे.)

ज्या सिंकोना झाडाच्या सालीतून हे क्विनीन निघते, ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले. अँडीज पर्वताच्या पूर्वेकडच्या उतारांवर, सदा धुक्यात भिजलेल्या रानात ते वाढते. आपल्याकडे तापावर सातविणीच्या सालीचा काढा देत ना, तशीच तिकडच्या डोंगरी लोकांत या सालीची पूड पाण्यातून पाजण्याची चाल होती. हिवताप हा तिकडचा रोगच नव्हे, तो समुद्रापलीकडून आलेल्या माणसांबरोबर तिथे गेला, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. पण अंगातली हुडहुडी घालवणारी साल कोणती, हे त्या डोंगरात ठाऊक होते.

सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी ती साल रोमला नेली. पेरूच्या स्पॅनिश व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, तिने बरी झाली अशी एक कथा पसरली. ती खरी मानून लिनियस या शास्त्रज्ञाने १७४२ साली झाडाला काउंटेसचे नाव दिले, तेही एक अक्षर गाळून! पुढे कथाच खोटी ठरली. ज्यांनी औषध शोधले, त्यांची नावे मात्र कोणी विचारली नाहीत.

१८२० साली पेलतिए आणि काव्हांतू या दोघा फ्रेंचांनी सालीतून क्विनीन वेगळे काढले आणि मागणी अतोनात वाढली. उष्ण मुलखात राज्य करायचे, तर गोऱ्या शिपायाला क्विनीन हवेच! १८६० साली क्लेमेंट्स मार्कहॅम याने अँडीजमधून रोपे मिळवली, ती निलगिरीत लावली. आपल्या महाबळेश्वरजवळ, लिंगमळ्यालाही सरकारने लागवड करून पाहिली, पण ती टिकली नाही. निलगिरीत झाडे वाढली खरी, परंतु त्यांच्या सालीत क्विनीन फार नव्हते.

खरे कसदार झाड कोणते, ते मानुएल इंक्रा मामानी ओळखत होता. हा बोलिव्हियातला आयमारा जमातीचा माणूस, चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याच्या पदरी होता. सालोसाल कडाक्याच्या थंडीने मोहोर जळे आणि बी धरत नसे. मामानी थांबून राहिला. अखेर १८६५ मध्ये त्याने बी आणून दिले. लंडनमध्ये इंग्रज सरकारने ते घेतले नाही. डचांनी अवघे एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, विकत घेतले आणि जावा बेटात पेरले. १९३० नंतरच्या दशकात जगातल्या क्विनीनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जावातून येई. १९४२ साली जपानने जावा घेतले, तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या फौजांना क्विनीन मिळेनासे झाले.

मामानी मात्र पुढे पुन्हा बी गोळा करताना पकडला गेला. बी कोणासाठी, हे सांगावे म्हणून त्याला तुरुंगात मारहाण झाली. सुटल्यावर थोड्याच दिवसांत, १८७१ च्या सुमारास, तो मरण पावला. त्याने ओळखलेल्या त्या झाडाचे शास्त्रीय नाव पडले 'सिंकोना लेजेरियाना'.