माकडांची टोळी आणि दुसरे उत्तर

एका टोळीतील माकडांचा आठवा भाग घ्यावा आणि त्या संख्येचा वर्ग करावा. तितकी माकडे रानात बागडत आहेत. उरलेली १२ टेकडीवर बसून कलकलाट करीत आहेत. तर टोळीत माकडे किती?

चकलीचा तुकडा तोंडात असताना हे गणित कुठून काढले, असे कोणी म्हणेल. पण हे कोडे पावणेनऊशे वर्षांचे जुने आहे आणि ते घालणारा पुरुष सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या गावचा होता. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० साली, वयाच्या ३६ व्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. त्याच्या ‘बीजगणित’ नावाच्या भागात ही माकडे आहेत. मी बरीच वर्षे शाळेत वर्गसमीकरणे शिकवली, आणि या माकडांइतका उपयोगी सोबती मला दुसरा मिळाला नाही.

कोडे सोडवणारा चिकाटीचा असेल तर त्याला ४८ हे उत्तर सापडते. ४८ चा आठवा भाग ६, त्याचा वर्ग ३६, वर १२, झाले ४८. पण शेजारी बसलेली धाकटी बहीण म्हणते, “दादा, माझे उत्तर १६ आले!” तेही ताडून पाहावे. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, वर १२, झाले १६. आता खरे कोणाचे? भास्कराचार्य सांगतात, दोघांचेही. आणि हे असे का व्हावे, हीच या विषयाची खरी गोडी आहे.

अज्ञात राशीचा वर्ग ज्यात आला त्या समीकरणाची अडचण माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. बाबिलोनच्या लोकांनी सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी मातीच्या विटांवर अशी उदाहरणे कोरून ठेवली. एका विटेवरचे पहिलेच उदाहरण असे : चौरसाचे क्षेत्र आणि त्याची बाजू यांची बेरीज पाऊण, तर बाजू किती? लिहिणारा सांगतो, एकाचा अर्धा कर, त्याचा वर्ग पाव, तो पाऊणमध्ये मिळव, एक झाला, एकाचे मूळ एक, त्यातून अर्धा काढ, बाजू अर्धी. का, ते सांगत नाही. कृती सांगावी आणि कारण पोटात ठेवावे, ही शिक्षकी खोड बाबिलोनइतकी जुनी आहे तर!

आपल्याकडे आर्यभटांनी इ. स. ४९९ मध्ये दोन समीकरणांची जोडी सोडवण्याची रीत दिली. समजा, अंगणात रांगोळीसाठी चौकट आखायची आहे. लांबी रुंदीपेक्षा ३ वितींनी जास्त हवी आणि क्षेत्र ४० चौरस विती हवे. आर्यभटांची रीत अशी : गुणाकाराची चौपट करा, १६०, त्यात फरकाचा वर्ग मिळवा, १६९, त्याचे मूळ १३. त्यात ३ मिळवून अर्धे केले की ८, ३ वजा करून अर्धे केले की ५. लांबी ८, रुंदी ५. एक समीकरण साधे, दुसरे गुणाकाराचे, आणि दोन ओळींत निकाल. हे जमते कसे? त्या चौकटीसारख्या चार चौकटी एका पोकळ चौरसाभोवती मांडून पाहाव्या. मध्ये ३ वितींचा चौरस उरतो आणि बाहेर १३ वितींचा मोठा चौरस तयार होतो. पाडव्याच्या सकाळी घरातल्या मुलांना खडूने हे काढायला सांगावे. सूत्र पाठ करण्याची गरज राहणार नाही.

वर्ग पुरा करण्याची ही युक्ती पुढे ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये नियमात बांधली, आणि ऋण व धन राशींच्या बेरीज-वजाबाकीचे कायदेही घालून दिले. श्रीधराचार्यांनी तिला फार सुटसुटीत रूप दिले : दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, मग मधल्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा. अपूर्णांकांची कटकटच नाही. श्रीधरांचा बीजगणितावरचा ग्रंथ हरपला. त्यांचा हा नियम टिकला तो भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथात नावानिशी उतरून घेतला म्हणून. या साऱ्या कृतीला जुने नाव ‘मध्यमाहरण’, म्हणजे मधले पद काढून टाकणे. आणि अज्ञात राशींना त्यांनी नावे दिली ती रंगांची : पहिली ‘यावत्तावत्’, पण पुढच्या काळक, नीलक, पीतक, लोहितक. हल्लीच्या रुक्ष अक्षरांपेक्षा ही रांगोळी मला जास्त आवडते.

आता पुन्हा माकडांकडे. त्यांच्या समीकरणात वर्ग पुरा केला की असे निघते : टोळी आणि ३२ यांच्या फरकाचा वर्ग २५६. म्हणजे फरक १६. पण टोळी ३२ हून १६ ने मोठी की १६ ने लहान? वर्ग केल्यावर ही खूण पुसली जाते, ती समीकरणाला ठाऊक नसते. म्हणून ते दोन्ही उत्तरे पुढे ठेवते, ४८ आणि १६. प्रश्नाशी ताडून पाहता दोन्ही बसतात, म्हणून दोन्ही ठेवायची.

एवढ्यावर ते थांबले असते तरी चालले असते. पण लगेच त्यांनी दुसरी टोळी आणली. टोळीच्या पाचव्या भागातून ३ वजा करावे, त्याचा वर्ग करावा. तितकी माकडे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसते. गणित ५० आणि ५ अशी दोन उत्तरे देते. ५० चा पाचवा भाग १०, त्यातून ३ गेले ७, वर्ग ४९, वर १, बरोबर. ५ चा पाचवा भाग १. त्यातून ३ काढायचे म्हणजे उणे दोन माकडे! त्यांचा वर्ग ४, वर १, आकड्यांचा हिशेब जुळतो. पण उणे दोन माकडे कोणी पाहिली आहेत? भास्कराचार्य म्हणतात, हे घेऊ नये, कारण प्रत्यक्ष वस्तूंच्या बाबतीत ऋण संख्या लोकांना पटत नाही.

तिसरे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. १२ अंगुळांचा शंकू उन्हात उभा आहे. त्याची सावली आणि शंकूच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंतचा कर्ण, दोन्ही अज्ञात. सावलीतून कर्णाचा तिसरा भाग वजा केला तर १४ उरतात. हे झाले साधे समीकरण. दुसरे, काटकोन त्रिकोणाचे, वर्गाचे. दोन्ही मिळून सावली साडेबावीस किंवा ९ येते. साडेबावीस घेतली तर कर्ण साडेपंचवीस, त्याचा तिसरा भाग साडेआठ, बाकी १४. पण ९ मधून काही वजा करून १४ कसे उरणार? येथे सावलीचे कोणतेही उत्तर ऋण नाही, ९ अंगुळांची सावली पडूही शकते. तरी ते उत्तर आचार्यांनी नाकारले, कारण ते १४ पेक्षा लहान आहे. ऋण दिसले की खोडा, असा नियम त्यांनी केला नाही. प्रत्येक उत्तर हाताला धरून प्रश्नाच्या दारापर्यंत परत नेले आणि दार उघडते का ते पाहिले. आमच्या उत्तरपत्रिकांत मात्र ‘परंतु वय ऋण असू शकत नाही’ हे वाक्य मंत्रासारखे येते, कधी कधी तर ज्या गणितात वयाचा संबंधच नाही तेथेही.

बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीने नवव्या शतकात आपल्या ग्रंथात अशा समीकरणांचे सहा प्रकार पाडले. ऋण राशी त्याला समीकरणात नकोच होत्या. मात्र जेथे ३ आणि ७ अशी दोन धन उत्तरे येत, तेथे त्यानेही दोन्ही सांगितली. फ्रान्सच्या देकार्तने इ. स. १६३७ मध्ये ऋण मुळांना चक्क ‘खोटी’ म्हटले, पण गणनेतून काढून टाकले नाही. त्या बिचाऱ्या दुसऱ्या उत्तराला मानाने पंगतीत बसायला फार दिवस लागले.

भास्कराचार्यांचे ग्रंथ आपल्यापर्यंत येण्यामागे खानदेशातल्या एका गावाचाही हात आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी इ. स. १८६५ मध्ये विद्वानांपुढे आणला. आचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्याला दान दिले. लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या काही ओळी जुन्या मराठीत. पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला उघडेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर यापुढे मठाला द्यावा, असे त्यांत सांगितले आहे. बाजारहाट करणाऱ्यांना समजावे म्हणूनच ते मराठीत लिहिले असावे. म्हणजे बाजारातून काही विकत घेणारी पाटणची बाई वर्गसमीकरणांच्या शिकवणीला आपला वाटा देत होती.