पहूरच्या बाडांतील दम्याचे योग व ‘कनक’ शब्दाचा अर्थ

खान्देशांत जुन्या घरांचीं दप्तरें सोडलीं असतां सनदा, महजर, वतनाचे कागद प्रथम उचलले जातात आणि वैद्यकाचें बाड तळाशीं राहतें. आमचीहि रीत आजवर हीच होती. औषधांच्या याद्यांत इतिहास तो काय असणार, अशा समजुतीनें आम्हीं कित्येक बाडें चाळून परत केलीं. पुढील हकीकत त्या समजुतीची चूक दाखविणारी असल्यामुळें, तींत आमच्या पांडित्याची फजिती झाली असली तरी, ती येथें नमूद करणें आम्हांस कर्तव्य वाटतें.

जामनेर तालुक्यांतील पहूर हें गांव पेठ व कसबें अशा दोन वस्त्यांचें असून जळगांवाहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या मार्गावर आहे. पाचोरें-जामनेर या अरुंद रुळांच्या गाडीनें आम्ही पूर्वीं तेथें पुष्कळ वेळां गेलों. ती गाडी २०२० सालीं बंद झाली. तेथील एका घरीं आम्हांस एक बाड दाखविण्यांत आलें. घरच्या मंडळींच्या इच्छेवरून त्यांचें नांव देत नाहीं. बाड लांबट, वरच्या कडेस शिवलेलें, हातकागदाचें आहे. आरंभीं बाळबोध लिपींत संस्कृत श्लोक व त्यांखालीं मराठी अर्थ; मध्यें मोडींतील टांचणें; आणि शेवटच्या सात-आठ पानांवर, उघडच फार अलीकडच्या हातानें, शिसपेन्सिलीनें लिहिलेलीं होमिओपाथीचीं औषधें. लेखनकाल कोठेंहि दिलेला नाहीं. दाखविणारांचा हेतु मात्र इतिहासाचा नव्हता. घरांतील नातवास दमा आहे. पणजोबांच्या हातचा दम्याचा उतारा या बाडांत आहे असें ऐकिवांत होतें. तो वाचून द्यावा, एवढीच त्यांची आम्हांस विनंति होती.

श्वासाचें प्रकरण सांपडण्यास वेळ लागला नाहीं. मोडींतील एका टांचणांत ‘कनकपत्र’ घेण्यास सांगितलें होतें. आम्हीं तात्काळ सोन्याचा वर्ख असा अर्थ सांगितला, आणि सुवर्णाचे वैद्यकांतील उपयोग यावर थोडें प्रवचनहि केलें. पुढचा शब्द ‘सावलींत वाळवून’ असा होता. तो आम्हीं वाचला मात्र, तोंच उंबऱ्यापाशीं बसलेल्या आजी म्हणाल्या, “गुरुजी, सोनं कुठं सावलीत वाळवतात का?” आम्ही निरुत्तर झालों. पुढील ओळींत तें पान चुरून चिलमींत घालण्यास सांगितलें होतें. कनक म्हणजे येथें सोनें नव्हे; तो धोतरा होय.

ही चूक आमच्याकडून व्हावयास नको होती. बाळपणीं अमरकोश पाठ केलेल्या मनुष्यास ठाऊक असतें कीं, तेथें धोतऱ्यास कनकाह्वय, म्हणजे सोन्याचें नांव धारण करणारा, असें म्हटलें आहे. याचा परिणाम असा कीं, सोन्याचा कोणताहि पर्याय वैद्यकाच्या श्लोकांत धोतऱ्याकरितां येऊं शकतो. भरींत भर, त्याच कोशांत नागकेशरास कांचनाह्वय म्हटलें आहे. तेव्हां सोन्याच्या एका नांवाखालीं तीन पदार्थ उभे राहतात: एक धातु, एक सुगंधी केसर व एक विष. ‘पत्र’ शब्दानेंहि उलगडा होत नाहीं, कारण सोन्याचा वर्ख तेंहि पत्रच. निर्णय करावयाचा तो पुढील क्रियेवरून: वाळविणें, कुटणें, रस काढणें हीं वनस्पतीचीं लक्षणें, मारण, भस्म, खल हीं धातूचीं. भैषज्यरत्नावलींत श्वासावर सांगितलेला कनकासव हा प्रसिद्ध योग घ्या. त्यांत धोतरा पानें, फळें, मूळ यांसह घ्यावयाचा असून अडुळसा, रिंगणी, भारंगी, पिंपळी, सुंठ, नागकेशर, द्राक्षें, धायटीचीं फुलें इत्यादि द्रव्यें आहेत. नांवांत सोनें, आंत धोतरा, आणि त्याच आसवांत नागकेशरहि! येथें कोशावर विसंबून चालत नाहीं.

आतां इतिहासाकडे वळूं, कारण त्या ‘चिलमी’ने आमचें कुतूहल चाळविलें. श्वासरोगावर धूर घेण्याचा उपचार फार प्राचीन आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा सतरावा अध्याय हिक्का व श्वास यांचा. त्यांत श्वासाचे पांच प्रकार सांगून त्यांपैकीं तमक म्हणून जो वर्णिला आहे, तो आपला दमा होय याविषयीं शंका राहत नाहीं. रोग्यास निजतां येत नाहीं, बसल्यानें बरें वाटतें. आभाळ, पाऊस, थंडी व पूर्वेचा वारा यांनीं वेग वाढतो. धूळ व धूर हीं श्वासाचीं कारणें म्हणून तेथें स्पष्ट दिलीं आहेत. (पूर्वेच्या वाऱ्याचें वाक्य आपल्याकडील नकलकारांनीं जसेंच्या तसें उतरविलेलें दिसतें. गंगेच्या खोऱ्यांत पाऊस पूर्वेच्या वाऱ्याबरोबर येतो. खान्देशांत पावसाळी वारा पश्चिमेचा. पण पोथींत आलें तें कोण बदलणार?) त्याच अध्यायांतील धूमयोगांत हळद, एरंडमूळ, लाख, देवदार, जटामांसी यांबरोबर मनशीळ व हरताळ आहेत; धोतरा नाहीं. सुश्रुतास धोतरा ठाऊक होता, परंतु त्यानें तो पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर योजिला आहे.

मग धोतऱ्याचें पान चिलमींत केव्हां आलें? चिलीम ही तमाखूची सखी. तमाखु पोर्तुगीजांबरोबर आली. अकबराचा वकील असद बेग यानें ती विजापुरास पाहून इ. स. १६०५ च्या सुमारास बादशहापुढें ठेवली आणि दरबारच्या हकिमांत तीवरून वाद झाला, हें त्याच्या वृत्तांतावरून सर्वश्रुत आहे. तत्पूर्वीं, १५६३ सालीं गोव्यास छापलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या ग्रंथांत धोतऱ्याचें प्रकरण आहे. पण तेथें तो अन्नांत घालून लोकांस भुलविणाऱ्या चोरांचें साधन म्हणून येतो. पुढचा निश्चित टप्पा १८०२ चा. मद्रासेकडील डॉक्टर अँडरसन हे दम्यावर धोतऱ्याचा धूर देत असत. तो उपचार जनरल जेंट यांनीं त्या सालीं विलायतेस नेला, आणि तेथून एकोणिसाव्या शतकांत धोतऱ्याच्या विड्या सगळ्या युरोपांत दम्याकरितां विकल्या जाऊं लागल्या. यावरून आमचें अनुमान असें कीं, प्राचीन धूमवर्तीची कल्पना, देशी धोतरा व परदेशी चिलीम या तिहींचा संयोग सतराव्या-अठराव्या शतकांत केव्हां तरी झाला असावा. पहूरचें टांचण, शब्द कितीहि संस्कृत असले तरी, त्याच्या या रूपांत तमाखूच्या आधीचें असूं शकत नाहीं. ‘ऋषिप्रणीत’ म्हणून जें आपण जपतों त्याचें वय एका चिलमीनें असें उघड होतें.

या उपचारांत गुण नव्हता असें कोणी समजूं नये. धोतऱ्यांतील अॅट्रोपिन-वर्गाचीं द्रव्यें आवळलेल्या श्वासनलिकांस सैल करितात, आणि त्याच वर्गांतील सुधारलेलें इप्राट्रोपियम आजहि फवाऱ्यानें देण्यांत येतें. पण पानापानांत व बीजाबीजांत त्या द्रव्यांचें प्रमाण बदलतें. गुण व विषबाधा यांतील अंतर थोडें. तोंडास कोरड, बाहुल्या विस्फारणें, भ्रम, बडबड हीं त्याचीं लक्षणें मुलांत लवकर दिसतात व जीवावर बेततात. आमच्या ‘सोन्याच्या वर्खा’नें फार तर खर्च झाला असता, परंतु कोणी उलट चूक केली, सुवर्णाच्या जागीं धोतरा वाचला, तर काय होईल तें सांगावयास नको.

अडुळशाचा योग याच प्रकरणांत चार ठिकाणीं आहे. वासा, वृष, आटरूष, सिंहास्य हीं सर्व त्याचींच नांवें. ‘सिंही’ मात्र संशयाचें, तें रिंगणीच्या जातीसहि लागतें. येथें मापाविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ओली वनस्पति वाळलेलीच्या दुप्पट घ्यावी हा सामान्य नियम असला तरी शार्ङ्गधरानें गुळवेल, कुडा, अडुळसा इत्यादि कांहीं वनस्पती नेहमीं ओल्याच घ्याव्या व दुप्पट करूं नयेत असा अपवाद सांगितला आहे. आमच्या बाडांत अडुळशापुढें एके ठिकाणीं दुपटीचा आंकडा खोडलेला आहे. ज्यानें खोडला त्यास शार्ङ्गधर येत होता. नुसती नक्कल करणारा तो नव्हे. अडुळशाच्या गुणास रसायनशास्त्राचाहि आधार मिळाला: हूपर यानें १८८८ सालीं त्यांतून व्हॅसिसीन काढलें, आणि पुढें त्याच्याच रचनेवरून ब्रोमहेक्सिन हें कफ पातळ करणारें औषध तयार झालें. तरी तें कफ सोडविणारें. दम्याचा जोराचा वेग थांबविणें हें त्याचें काम नव्हे. पितमारीची कथा याहून निराळी. १९६९ सालीं दिल्लीचे डॉक्टर शिवपुरी यांनीं तिचीं पानें दम्याच्या रोग्यांस चघळावयास देऊन गुण आल्याचें प्रसिद्ध केलें. नंतरच्या दुसऱ्या परीक्षणांत तो गुण दिसला नाहीं.

‘दमा’ हा शब्द संस्कृत भागांत अर्थातच नाहीं. तो फारसी दम, म्हणजे श्वास, यापासून आलेला, आणि मोडी टांचणांत सर्वत्र तोच आहे. वरच्या श्लोकांत श्वास, खालच्या टांचणांत दमा: एकाच घरांत दोन परंपरा अशा शेजारीं नांदत होत्या. आज ज्यास अॅलर्जी म्हणतात तो शब्द तर १९०६ सालीं फॉन पिर्के यानें बनविला. त्यास अधिहर्षता असा जड प्रतिशब्द कोणी योजितात; आमच्या मतें मराठींतील ‘वावडें’ हा शब्द अर्थाला अधिक जवळ आहे. बाडांत कापसाच्या धुळीचें वावडें असलेल्या एका मनुष्याचा उल्लेख आहे. जिनिंगच्या या मुलखांत तो उल्लेख एखाद्या वतनाच्या कागदाइतकाच मोलाचा मानावा.

शेवटचीं पेन्सिलीचीं पानें आम्ही सोडून देणार होतों. पण तीं वाचतांना अंगावर कांटा आला. एका ओळींत ‘आर्सेनिक ३०’ असें आहे, आणि तिच्या खालीं, बहुधा घरांतीलच दुसऱ्या कोणाच्या हातानें, अर्थ म्हणून ‘सोमल’ असें लिहिलें आहे. शब्दार्थ बरोबर, व्यवहारार्थ भयंकर. होमिओपाथींत ३० हा आंकडा वजनाचा नव्हे. हानेमान यानें १७९० सालीं सिंकोनाची साल स्वतःवर अजमावून जी पद्धति काढली व १८१० च्या ‘ऑर्गेनॉन’ ग्रंथांत मांडली, तिच्याप्रमाणें शंभरांत एक भाग याप्रमाणें तीस वेळां विरल केलेलें तें द्रावण. म्हणजे एकावर साठ शून्यें इतका पातळपणा. बाराव्या विरलीकरणाच्या पुढें मूळ द्रव्याचा एक कणहि उरण्याचा संभव राहत नाहीं, म्हणून त्यानें अपाय नाहीं, आणि दम्यास गुण येतो असेंहि आजवरच्या परीक्षणांतून सिद्ध झालेलें नाहीं. उलट याच बाडाच्या मधल्या भागांत सोमल, मनशीळ, बचनाग हे गुंजेच्या मापानें येतात. आपल्याकडे आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा. म्हणजे गुंज सुमारें १२० मिलिग्रॅमची. एवढा एक गुंज सोमल मनुष्यास मारावयास पुरतो. आणि बाडांत पान उलटलें कीं ‘सोमल’ व ‘३०’ एका ओळींत!

त्याच पानावर ‘ब्लाटा’ हें औषध आहे. हें आपल्या देशाचें देणें. कलकत्त्याचे डॉक्टर डी. एन. राय यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दम्यावर झुरळाचें औषध होमिओपाथींत आणलें. चहांत झुरळ पडलें असतां तो चहा प्यालेल्या रोग्यास आराम पडला, अशी त्याची जन्मकथा सांगतात. पहूरच्या त्या घरांत ही कथा कोणास ठाऊक नव्हती. आम्हीं ती सांगितली तेव्हां आजींनीं चहाचा पेला खालीं ठेवला.

हस्तलिखित म्हणजे जुनें असें मात्र गृहीत धरूं नये. शंकर दाजी शास्त्री पदे (१८६७-१९०९) यांचा ‘आर्यभिषक्’ किंवा वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ (१९२७) अशा छापील ग्रंथांतून लोकांनीं वह्यांत उतारे केले, व ते उतारे आज पणजोबांचे म्हणून दाखविले जातात. आमच्या बाडाचा बाळबोध भाग असा उतारा नाहीं असें आम्हांस वाटतें. मोडी टांचणांविषयीं तर खात्रीच आहे, कारण त्यांत गांवच्या ओढ्याचीं व शेतांचीं नांवें औषधीच्या जागा म्हणून दिलीं आहेत.

नातवाविषयीं घरच्या मंडळींस आम्हीं काय सांगितलें तेंहि लिहिणें भाग आहे. मुलगा डॉक्टरांच्या फवाऱ्यावर आहे. तो चालू ठेवावा, बाडांतील कांहींहि त्यास देऊं नये, असें सांगून आम्हीं संपूर्ण प्रकरणाची बाळबोध नक्कल करून दिली. मूळ बाडावर आम्हीं पेन्सिलहि टेंकविली नाहीं, नकलेंत मात्र ‘कनकपत्र’ याच्या समोर ‘धोतऱ्याचें पान, विषारी’ आणि ‘आर्सेनिक ३०’ याच्या समोर ‘होमिओपाथीचें विरलीकरण, सोमल नव्हे’ असें तांबड्या शाईनें लिहिलें. वैद्यकाचीं बाडें छापणाऱ्या संशोधकांनींहि तळटीपेच्या भरंवशावर न राहतां अशा शब्दांचा खुलासा त्याच ओळींत द्यावा असें आम्हांस वाटतें, कारण तळटीप विद्वान वाचतो आणि औषधाची ओळ घरांतील मनुष्य वाचतो.

ज्या संग्राहकांपाशीं लेखनकाल दिलेलें एखादें वैद्यकाचें बाड असेल व त्यांत धोतरा आणि चिलीम हे शब्द श्वासाच्या प्रकरणीं एकत्र आले असतील, त्यांनीं तो शक आम्हांस त्रैमासिकाच्या पत्त्यावर कळवावा. वर केलेलें अनुमान त्या एका शकानें पक्कें होईल किंवा मोडेल.