‘वेव्हर्ली’ : एका चालत्या आगबोटीचा इतिहास

‘आगबोट’ हा शब्द मराठीत अजून टिकून आहे. ती वस्तू मात्र दृष्टीआड झाली आहे. कोकणची बंदरे घेत मुंबईहून पणजीस येणाऱ्या बोटीची वाट पाहत जी पिढी धक्क्यावर उभी राहिली, ती आता उतारवयात आहे. स्कॉटलंडमधील क्लाइड नदीच्या मुखाशी मात्र एक आगबोट आजही दर उन्हाळ्यात उतारू घेऊन निघते. तिचे नाव ‘वेव्हर्ली’. दोन्ही कुशींची मोठी चाके वाफेच्या बळावर फिरवीत समुद्रावर प्रवासी नेणारी ही जगातील अखेरची बोट होय.

हे नाव सर वॉल्टर स्कॉट यांच्या १८१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे. याच नावाची आधीची बोट १८९९ मधील होती. दुसऱ्या महायुद्धात डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैनिकांना सोडवून आणताना २९ मे १९४० रोजी विमानांच्या माऱ्याने ती बुडाली. तिची जागा घेण्यासाठी ग्लासगो येथील ए. अँड जे. इंग्लिस यांच्या गोदीत नवी ‘वेव्हर्ली’ बांधली गेली. २ ऑक्टोबर १९४६ रोजी ती पाण्यात उतरली आणि जून १९४७ मध्ये लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या सेवेत रुजू झाली.

सुमारे २४० फूट लांबीच्या या बोटीचे हृदय म्हणजे ग्रीनॉकच्या रँकिन अँड ब्लॅकमोर यांनी घडविलेले २१०० अश्वशक्तीचे इंजिन. बॉयलरमधील वाफ प्रथम लहान सिलिंडरमध्ये शिरते, तेथून मध्यम आणि शेवटी मोठ्या सिलिंडरमध्ये जाते. एकच वाफ अशी तीनदा राबविली जाते. तिरके बसविलेले हे सिलिंडर आणि त्यांचे लखलखते दांडे उतारूंना जाता-येता पाहता येतात. आरंभी बोट कोळशावर चाले. १९५७ मध्ये तिला तेलाची भट्टी बसविण्यात आली.

पुढे काळ फिरला. घरोघरी मोटारी आल्या, मोटारी वाहून नेणाऱ्या नव्या बोटी आल्या, आणि सुटीचे प्रवासी विमानाने दूरच्या किनाऱ्यांकडे वळले. क्लाइडवरील चाकांच्या बोटी एकामागून एक मोडीत निघाल्या. १९७३ चा हंगाम संपताच ‘वेव्हर्ली’ही सेवेतून काढण्यात आली. अशा बोटींच्या जतनासाठी १९५९ मध्ये हौशी मंडळींनी एक संस्था स्थापन केली होती. तिला १९७४ मध्ये ही बोट अवघ्या एका पौंडात देण्यात आली. ती पुन्हा प्रवासी नेईल, अशी अपेक्षा फारशी कोणाला नव्हती. फार तर धक्क्याला बांधून ठेवलेली प्रेक्षणीय वस्तू होईल, एवढेच. संस्थेने वर्गणी गोळा केली, स्थानिक शासनसंस्थांचे साहाय्य मिळविले आणि १९७५ च्या मे महिन्यात बोट पुन्हा पाण्यावर धावू लागली.

चालती बोट सांभाळणे म्हणजे तिला संकटात घालणेही असते. जुलै १९७७ मध्ये डनूनजवळच्या खडकांवर ती आदळली. सप्टेंबर २०२० मध्ये ॲरन बेटावरील ब्रॉडिकच्या धक्क्याला तिची धडक बसून काही उतारू जखमी झाले. बॉयलर तर तीनदा बदलावे लागले : १९८१ मध्ये, २००० च्या सुमारास सुरू झालेल्या मोठ्या पुनर्बांधणीत आणि पुन्हा २०२० मध्ये. या शेवटच्या खेपेस २०१९ चा अख्खा हंगाम बुडाला. तेव्हा २३ लाख पौंडांसाठी जनतेला आवाहन करण्यात आले आणि ते पैसे उभे राहिले.

इतके बदलल्यावर जुने काय उरले, असा प्रश्न कोणी विचारील. मूळचे इंजिन उरले, हे एक उत्तर. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. ‘वेव्हर्ली’ची दोन्ही चाके एकाच कण्यावर बसविलेली असल्याने ती नेहमी एकत्रच फिरतात, एक पुढे व दुसरे मागे फिरवून बोट जागीच वळविता येत नाही. वारा आणि भरती-ओहोटी यांचा अदमास घेऊन तिला धक्क्याला लावणे, कप्तानाचा हुकूम घंटेच्या खुणेने येताच वाफेची झडप अचूक उघडणे, फिरत्या दांड्यांचा आवाज ओळखणे, ही कसबे पुस्तकातून येत नाहीत. जुन्या हातांनी नव्या हातांना ती बोटीवरच द्यावी लागतात. बोट धक्क्याला कायमची बांधली असती, तर तिचे लोखंड कदाचित अधिक सुरक्षित राहिले असते. पण ते चालविण्याची विद्या एका पिढीत संपली असती.

ग्रंथालय चालविणाऱ्यांना ही अडचण अपरिचित नाही. वाचकांच्या हाती जाणारे पुस्तक झिजते, त्याची बांधणी पुनःपुन्हा करून घ्यावी लागते, त्यासाठी दरवर्षी वर्गणीकडे डोळे लावावे लागतात. कुलूपबंद कपाटातील पुस्तकाला हा खर्च नसतो. क्लाइडवरच्या मंडळींनी झीज आणि खर्च दोन्ही पत्करले. म्हणूनच एका पौंडाला विकली गेलेली ती बोट पन्नासाहून अधिक वर्षांनंतरही उतारू नेत आहे.