गोव्यात बेकन का झालं नाही?

आमचा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकतो. एकदा त्याने मला विचारलं, "बाबा, गोव्यात शेकडो वर्षं लोक डुकराचं मांस खातात. सोरपोतेल आहे, विंदाल आहे, चोरीस आहे. मग बेकन का नाही?" मी कचेरीत फायली चालवणारा माणूस. आमच्या घरात मासळीच्या पलीकडे फारसं काही शिजत नाही आणि डुकराचं मांस तर उंबरठ्याच्या आत कधी आलेलं नाही. पण बी.ए.ला इतिहास होता, त्यामुळे प्रश्न डोक्यात राहिला. आपण खात नाही म्हणून आपल्याच भूमीतल्या एका पदार्थाचा इतिहास आपला नाही, असं थोडंच आहे?

आधी बेकन म्हणजे काय ते पाहू, कारण वाचकांपैकी पुष्कळांनी ते फक्त हॉटेलच्या बशीत पाहिलं असेल. डुकराच्या पोटाकडचं किंवा पाठीकडचं मांस मिठात मुरवायचं, काही ठिकाणी त्याला धूर द्यायचा आणि मग पातळ पट्ट्या कापून भाजायच्या. पोटाकडच्या पट्टीत मांस आणि चरबी यांचे थर एकाआड एक असतात. अमेरिकेत ही पट्टी चालते, इंग्लंडात पाठीकडची जास्त.

घरी ते कुरकुरीत करण्याची रीत मुलाने मला समजावली. तवा थंड असतानाच पट्ट्या एकमेकींवर न चढवता पसरायच्या आणि आच मंद ठेवायची. तेल घालायचं नाही. चरबी हळूहळू वितळते आणि पट्टी आपल्याच तेलात भाजते. मधूनमधून उलटायची, रंग तांबूस झाला की कागदावर काढून निथळू द्यायची. तवा आधीच तापलेला असेल तर बाहेरून करपते आणि आतली चरबी तशीच लिबलिबीत राहते. यात खरा खेळ पाण्याचा आहे. मांसात पाणी आहे तोवर ते शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी उडून गेलं की उष्णता वाढते, साधारण १४० अंशांच्या पुढे खमंग रंग आणि वास वेगाने येतो, आणि मग कुरकुरीतपणा. बाजारातल्या स्वस्त बेकनमध्ये खारं पाणी टोचून भरलेलं असतं, म्हणून ते तव्यावर तडतडतं, आक्रसतं आणि मऊच राहतं. कोरड्या मिठात मुरवलेलं लवकर कुरकुरीत होतं.

हे ऐकताना मला आपला पापड आठवला. पापडाचंही सगळं गणित पाण्याचंच. आणि आपल्या पावसात पापडाचं काय होतं ते गोंयकाराला सांगायला नको. सादळतो! मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला या एका शब्दात सापडलं.

आता थोडं इंग्लंडात जाऊ. जुन्या इंग्लंडात नोव्हेंबर हा जनावरं कापण्याचा महिना. हिवाळ्यात चारा मिळत नसे, म्हणून थंडी पडता पडता डुक्कर कापायचं आणि त्याची आख्खी फाळ मिठाने चोळून ठेवायची. ही फाळ म्हणजे घराची श्रीमंती. एसेक्समधल्या डन्मो गावी वर्षभर ज्या जोडप्याला लग्नाचा पश्चात्ताप झाला नाही त्याला बेकनची फाळ बक्षीस द्यायची जुनी प्रथा आहे. चौदाव्या शतकात चॉसरने तिचा उल्लेख केला आहे, आणि आजही दर चार वर्षांनी हा सोहळा होतो.

मुद्दा असा की मोठ्या फाळीत मीठ आतपर्यंत पोचायला दिवसच्या दिवस लागतात. तोवर मांस नासू नये म्हणून हवा थंड हवी. इंग्लंडात ही थंडी फुकट मिळत होती, पण फक्त हिवाळ्यात. बेकनचा कारखाना बारमाही चालवायचा तर उन्हाळ्यातही थंडी हवी. विल्टशायरमधल्या कॅल्न गावच्या हॅरिस घराण्याने ती बर्फाने मिळवली. या घरातला जॉर्ज हॅरिस १८४७ मध्ये अमेरिकेत गेला आणि तिथली बर्फघरं पाहून आला. १८६४ मध्ये या घराण्याने बर्फघराचं पेटंट घेतलं. थंडीमुळे मीठ कमी लागू लागलं, चव सौम्य झाली आणि विल्टशायरचं बेकन प्रसिद्ध झालं. कॅल्नचा तो कारखाना १९८२ मध्ये बंद पडला.

या धंद्यात आपल्या देशाचाही एक धागा आहे. मांसाला गुलाबी रंग यावा आणि ते टिकावं म्हणून मिठात थोडा सोरा घालत. (सोरा, आपला सोरो नव्हे!) हा सोरा बंदुकीच्या दारूतही लागायचा. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपला जाणाऱ्या सोऱ्याचा मोठा भाग बिहारमधून, पाटण्याच्या वखारींतून जात होता. आज सोऱ्याऐवजी नायट्राइट वापरतात. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवलं, तेव्हा रोजच्या न्याहारीला बेकन हवंच, असा आग्रह कोणी न धरलेला बरा.

आता परत गोव्यात. पोर्तुगालमध्येही डुक्कर कापायचा मोसम हिवाळाच. तिथले लोक १५१० मध्ये गोव्यात आले तेव्हा खाण्याच्या सवयी बरोबर घेऊन आले. मिठाची अडचण नव्हती. गोव्याचं मीठ पूर्वीपासून किनाऱ्यावर जात होतं आणि मिठागरांच्या खुणा गावांच्या नावांतही आहेत, पेडण्यातलं आगरवाडो घ्या. पण थंडी कुठून आणणार? आपल्याकडे पौषातली रात्रही वीस अंशांच्या आसपास. शिवाय वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. अशा हवेत मांसाची आख्खी फाळ मिठात घातली तर बाहेरून खारट आणि आतून हाडाजवळ नासलेली, असं व्हायचं. म्हणजे बेकन न होण्याचं कारण चवीत नसून हवेत आहे.

मग गोव्याच्या रांधणीने काय केलं? फाळीचे बारीक तुकडे केले. तुकडा लहान असला की मीठ लगेच आत पोचतं. मिठाच्या जोडीला माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं. पोर्तुगीज लोक मांस द्राक्षाची दारू आणि लसूण यांत मुरवत, त्या रीतीचं नाव व्हिन्य द आल्यूश. त्यावरूनच आपलं विंदाल. (पुढे हॉटेलवाल्यांनी त्यातला शेवट 'आलू' समजून बटाटे घातले, ती वेगळी गंमत.) इथे द्राक्षं नव्हती, माड होते. आंबटपणात जंतू वाढत नाहीत, म्हणून थंडीचं काम व्हिनेगराने केलं. मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आलेली. आलं, लसूण, मिरी, दालचिनी, लवंग इथल्या बाजारातली. हे सगळं मांस आतड्यात भरून गाठी मारायच्या, उन्हात वाळवायचं आणि चुलीच्या वर धुराच्या वाटेत टांगायचं. हा आपला चोरीस. पोर्तुगालच्या शोरिसूचा गोंयकार भाऊ म्हणा. शिजवायची रीतही बेकनसारखीच आहे. थोडं पाणी घालून मंद आचेवर ठेवायचं, पाणी आटलं की लाल चरबी सुटते आणि मांस तिच्यातच परततं. वर कांदा, आणि सोबत पोदेराचा पाव.

इथपर्यंत इतिहास सोपा आहे. पुढचा अवघड आहे, पण तो गाळून चालणार नाही.

डुकराचं मांस हे त्या काळी नुसतं अन्न नव्हतं, ती माणूस ओळखायची खूण होती. पोर्तुगालमध्ये १४९७ मध्ये ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केलं गेलं. त्यांच्यापैकी कोण मनातून जुन्या धर्माचा आहे हे पाहायला शेजारी त्यांच्या ताटावर नजर ठेवत. तिथे 'आल्येइरा' नावाचा एक सॉसेज आहे, कोंबडीचा आणि पावाचा. डुकराचं मांस खात नसल्याचा संशय येऊ नये म्हणून या नवख्रिस्ती घरांनी तो करून टांगला, असं तिथे परंपरेने सांगतात. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये आलं आणि मधली १७७४ ते १७७८ ही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत टिकलं. सुरुवातीला त्याचा रोख या नवख्रिस्ती लोकांवर होता. 'कोलोकियुश' हा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता अशाच घराण्यातला. १५६८ मध्ये तो वारला, पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला जाळण्यात आलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली.

नंतर नजर इथल्या बाटलेल्या लोकांकडे वळली. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या हुकूमनाम्यात ख्रिस्ती लोकांनी कोणत्या हिंदू चालीरीती सोडाव्यात याची लांबलचक यादी आहे. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरच्या आपल्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथात ती दिली आहे. त्यात एक कलम असंही आहे की हिंदूंसारखा अळणी भात शिजवून वरून मीठ घालू नये. विचार करा, भातात मीठ कधी घातलं यावरून धर्म ठरत होता! तुळशीचीही तीच गत.

आणि आपल्या बाजूनेही भिंत उभी राहिलीच. ख्रिस्ती घरात पाणी प्यायलं तरी वाळीत टाकायचं. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. त्यातलं खरं किती ते सोडा, पण पाव पडलेल्या विहिरीचं पाणी प्यायल्याने माणूस परका होतो हे त्या गोष्टीतल्या गावाने मान्य केलं होतं, हे लक्षात ठेवायला हवं. डुकराबद्दलही तसंच. मनुस्मृती गावडुकराला निषिद्ध मानते. पण रानडुकराची शिकार कोकणात, गोव्यात हिंदू घरांतही खाल्ली जात होती. घाण खाणाऱ्या जनावराची किळस, इतकंच मूळ असावं. पुढे तीच किळस शेजाऱ्याच्या धर्मापर्यंत ताणली गेली.

एवढं सगळं होऊनही एक गोष्ट दोन्ही बाजूंना समान राहिली. तो म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर दर्या बंद, वाटा बंद. त्याआधी घर भरून ठेवायलाच हवं. या बेगमीला आपण सगळे पुरुमेंत म्हणतो. शब्द पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतू'वरून आलेला, पण सोवळ्यातली आजीसुद्धा तोच वापरायची. मडगावला होली स्पिरिट चर्चजवळ पुरुमेंताचं फेस्त भरतं, म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीचं. ही सायबीण आणि शिरगावची लईराई या बहिणी, असं लोक मानतात, आणि हिंदूही तिला तेल वाहतात. फेस्ताला गेलेला माणूस मीठ, मिरच्या, सुकी मासळी घेऊन परततो. ख्रिस्ती घरात चोरीस टांगलेला, आपल्या घरात खारातले आंबे, खारातले गरे, सोलं आणि खारे बांगडे. ताट वेगळं, पण मिठाचं गणित एकच.

मुलाला बेकन घरी करून पाहायचं होतं. आमच्या आईने त्याला स्वयंपाकघरात मनाई केली, पण मागच्या पडवीत वेगळी शेगडी आणि वेगळा तवा चालेल, म्हणाली. मग त्याने मिठात मुरवण्याची रीत तिला सांगितली. पाणी सुटू द्यायचं, वर वजन ठेवायचं, रोज उलटायचं. ती म्हणाली, "हें आमच्या आंब्यांसारकेंच मरे!" इन्क्विझिशनच्या हुकूमनाम्याला आणि आमच्या वाळीत टाकण्याला जे कधी कळलं नाही, ते तिला खाराच्या बरणीवरून कळलं.

आज फ्रीजमुळे हवेचा प्रश्न उरलेला नाही. बेकनची पाकिटं गोव्याच्या दुकानांत सहज मिळतात आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरिसाच्या माळाही लटकत असतात. पुरुमेंत भरायची गरज मात्र कमी झाली, आणि गरजेबरोबर रीतीही चालल्या आहेत. म्हणून एक विनंती. घरात म्हातारं माणूस असेल तर येत्या मे महिन्यात त्याच्याजवळ बसा आणि पुरुमेंतात काय काय भरत, मीठ किती घालत, बरणी कुठे ठेवत, हे विचारून वहीत लिहून ठेवा. जमलं तर शेजारच्या ख्रिस्ती घरातल्या आजीलाही तेच विचारा. दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचाल तर पुष्कळ पानं सारखी निघतील.